‘पेट्रोडॉलर करार संपला’ या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर पुन्हा एक मेसेज फिरतोय: तेल फक्त डॉलरमध्येच विकायचा सौदी अरेबियाचा अमेरिकेशी असलेला 50 वर्षांचा करार 9 जून 2024 ला संपला, आता डॉलर बुडणार. सराफ्यात काहींनी त्यावरून सोन्याचे हिशेबही मांडलेत.

असा करारच नव्हता. 8 जून 1974 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फहद यांनी सह्या केल्या त्या आर्थिक सहकार्यावर आणि सौदीच्या लष्करी गरजांवर. तो मजकूर उपलब्ध आहे. त्यात तेलाच्या चलनाची अटही नाही, 50 वर्षांची मुदतही नाही. तेलाचे व्यवहार त्याआधीही मुख्यतः डॉलरमध्येच होत.

डॉलरची खरी पकड वेगळीच. सौदीने तेलाचा पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत घातला, अमेरिकेने शस्त्रं आणि संरक्षण दिलं. सौदीकडे किती रोखे आहेत, हे अमेरिकेने 2016 पर्यंत वेगळं सांगितलंही नव्हतं! सौदीचं चलन रियाल तर 1986 पासून एका डॉलरला 3.75 असाच बांधलेला आहे. तो सुटला, तर ती बातमी.

जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा घटतोय हे खरं, पण अजून तो निम्म्याहून जास्त आहे.

तेव्हा काका-मावश्यांनो, मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.