आमच्या घरातून कचरा निघत नाही

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत गेले तीन आठवडे एका डब्यावरून भांडण चालू आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका उत्साही सुनेने ग्रुपवर सुचवलं, की खालच्या मेडिकलने आणि शेजारच्या किराणावाल्याने दुकानात एकेक डबा ठेवावा. मेडिकलमध्ये गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या टाकायच्या, किराण्यात वेफर्स-बिस्किटांची पाकिटं. शेवटी तिने लिहिलं, 'परदेशात सगळीकडे असंच असतं, लंडनच्या ताईंना विचारा.' लंडनची ताई म्हणजे मी. राहते हाउन्स्लोला, पण मुलुंडहून बघितलं तर ते लंडनच.

मी उत्तर द्यायच्या आत पहिल्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज आला. 'हे चोचले तिकडेच ठीक. आणि ज्यांना इथे राहायचं नाही त्यांनी इथल्या कचऱ्यात नाक खुपसू नये.' त्याखाली चार अंगठे. त्यातला एक माझ्याच वर्गातल्या मैत्रिणीचा.

आता, मी नाक खुपसलंच नव्हतं. पण मग खुपसलं. दुसऱ्या दिवशी शनिवारी दुकानात गेले, सेल्फ चेकआउटच्या पलीकडच्या डब्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आम्ही दर आठवड्याला हेच करतो. पावाच्या पिशव्या, क्रिस्पची म्हणजे वेफर्सची पाकिटं, फळांवरची फिल्म, सगळं धुवून, वाळवून. सगळ्याचं रिसायकलिंग होतं.'

हे शेवटचं वाक्य खोटं होतं आणि लिहिताना मला ते माहीत होतं. त्याकडे येतेच. आधी काकांचा हिशेब.

चोचले म्हणे. अहो, हे सगळं मी मुलुंडमध्येच शिकले. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुवून सिंकवरच्या टाइल्सना चिकटवत. ओली पिशवी कापून उघडली की टाइलला आपसूक चिकटते, वाळली की आपसूक सुटून ओट्यावर पडते. आई कोपरा कापताना कात्री अर्ध्यावर थांबवायची, तुकडा पिशवीला लटकत राहिला पाहिजे. कुणी पाहुणीने पूर्ण कापला तर तो एवढासा त्रिकोण शोधून काढून पिशवीत कोंबायची. पर्यावरण वगैरे काही नाही, मोरी तुंबते म्हणून. पुढे कित्येक वर्षांनी, तोच तुकडा छोटा असल्यामुळे वेचला जात नाही, म्हणून कोपरा तोडू नका, अशी मोहीम सुरू झाली तेव्हा आई हयात असती तर म्हणाली असती, सांगत नव्हते का. महिन्याअखेरीस रबरबँड लावलेला पिशव्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जायचा. तो वर्तमानपत्रं वेगळी तोलायचा, पिशव्या वेगळ्या, आणि आईची नजर काट्यावर.

2018 च्या प्लास्टिकबंदीत सरकारने दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत देण्याची योजना आणली तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या दूधवाल्याकडे ती योजना काही पोचली नाही. पण पिशवी त्याआधीही कचऱ्यात जात नव्हती, कारण तिला किलोवर भाव होता. भाव असला की मुंबईत काहीही वाया जात नाही. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक रंगावर आणि जातीवर निवडतात, धुतात, दळतात, वितळवून दाणे करतात. तिथल्या माणसाला प्लास्टिक वाजवून सांगता येतं, हे कुठलं. इथे माझ्या गल्लीत उच्चशिक्षित लोक डब्यासमोर उभे राहून पाकीट उलटंपालटं करून बारीक अक्षरं वाचत असतात, आणि शेवटी दोन्हीकडे बघून सरसकट कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकतात.

म्हणजे काकांचं बरोबर? मुळीच नाही. काकांच्या लक्षात एवढंच येत नाही, की किलोचा भाव दुधाच्या पिशवीपाशी संपतो. वेफर्सचं पाकीट म्हणजे प्लास्टिकचे थर आणि त्यात चकाकणारा पापुद्रा, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. ते सोडवता येत नाही, आणि वजन जवळपास शून्य. कचरा वेचणाऱ्या बाईने दिवसभर तीच गोळा केली तर रात्री तिच्या काट्यावर काय येणार? म्हणून ती बाटली उचलते आणि पाकीट तिथेच सोडते. गोळ्यांच्या पट्टीचंही तेच: पुढे पीव्हीसीचे फुगे, मागे ॲल्युमिनियमचा पत्रा. ॲल्युमिनियमला किंमत आहे, पण ते सोडवायला लागणारी मेहनत त्याहून महाग, आणि जाळलं तर पीव्हीसीतून क्लोरीनयुक्त विषारी धूर. म्हणून या दोन वस्तू ओल्यासुक्यातून गाळत गाळत शेवटी डंपिंगला जातात.

आणि डंपिंग कुठे, हे मुलुंडकराला विचारायचं? आमचं बालपण त्या वासात गेलं. वारा फिरला की आई खिडक्या लावायची आणि पाहुणे 'काहीतरी जळतंय का' विचारायचे. मुलुंडचं डंपिंग 2018 मध्ये बंद झालं, काका तेव्हा पेढे वाटत होते. पण कचरा बंद झाला नाही, तो कांजूरच्या डंपिंगला गेला. आता वास विक्रोळीच्या कन्नमवार नगरात जातो आणि तिथले लोक मोर्चे काढतात. काकांना त्यांचं काही नाही. आपल्या खिडकीत येत नाही म्हणजे प्रश्न सुटला.

हे लिहिताना मला फार बरं वाटत होतं. तिथेच थांबायला हवं होतं खरं तर.

कारण माझ्या डब्याचं काय? इथल्या मोठ्या साखळी दुकानांनी 2021 पासून हे डबे ठेवले. मी पहिल्या दिवसापासूनची निष्ठावंत. सिंकखाली पिशवी, शनिवारी गाडीच्या डिकीत, दुकानात शिरता शिरता डब्यात, आणि मग मोकळ्या हाताने आत जाऊन तितकंच प्लास्टिक परत विकत घ्यायचं. तीन केळी, त्यांनाही पिशवी. 2023-24 मध्ये एव्हरीडे प्लास्टिक नावाच्या संस्थेने दोन मोठ्या साखळ्यांच्या डब्यांत मऊ प्लास्टिकच्या गठ्ठ्यांबरोबर माग काढणारी चाळीस यंत्रं लपवून टाकली. ज्यांचा शेवटचा मुक्काम कळला, त्यांतली सत्तर टक्के जाळायला गेली होती. काही तुर्कस्तानापर्यंत पोचली. घरोघरी मऊ प्लास्टिक उचलण्याची सक्ती इंग्लंडमध्ये 2027 च्या मार्चअखेर येणार आहे, तोवर हा डबाच आमचा धर्म.

ती बातमी मी बसमध्ये वाचली. शनिवारी पुन्हा पिशवी घेऊन गेले. न जाऊन काय करू? टाइल्सना चिकटवायला माझ्याकडे दुधाच्या पिशव्या नाहीत, दूध डब्यातून येतं.

आणि हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर काकांनी पहिला अंगठा दिला असता. परदेशात राहिलं की ही एक सवय लागते: इथे बसून यांना सांगायचं की आमच्याकडे सगळं कसं किलोवर विकलं जातं, तुम्ही काय शिकवता, आणि तिकडे सांगायचं की इथे कसं सगळं स्वच्छ, तुम्ही शिका. दोन्ही टेबलांवर आपलाच वकील. ऑफिसात एका मुलीने मुंबईच्या प्लास्टिकवर नाक मुरडलं तेव्हा मी तिला तेरा कंपाउंडवर वीस मिनिटं ऐकवलं होतं. मी स्वतः तिथे एकदाही गेलेले नाही. मुलुंडचं माणूस धारावीत कशाला जाईल, लोकलमधून दिसते तेवढी.

ग्रुपवर एकाने मुद्द्याचं विचारलं होतं, की मेडिकलच्या डब्यातल्या पट्ट्या उचलून कुणी डुप्लिकेट गोळ्या भरून विकल्या तर? मला ही भीती खरी वाटते. कात्रीने कापून टाका, एवढंच सुचवता येईल. शिवाय आपल्याकडे अर्धी पट्टी मिळते. मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देतो, आणि तारीख राहते त्याच्याकडच्या अर्ध्यावर. इथे तसं नाही, अख्खं खोकं घ्या, आत घडी घातलेलं धोतराएवढं पत्रक. उरलेल्या गोळ्या मात्र कुठल्याही फार्मसीत परत देता येतात, त्या जाळायला जातात. ही एक गोष्ट मुंबईत खरंच हवी. 2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात मोजली होती, पण आमच्या सोसायटीत ती कुठे द्यायची ते सेक्रेटरींनाही सांगता येत नाही. लोक संडासात ओततात.

काकांच्या दुसऱ्या वाक्याला, 'ज्यांना इथे राहायचं नाही' वाल्या, मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 2004 मध्ये गेले मी. पुढच्या वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, नाले तुंबले, आणि सगळ्यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांना शिव्या घातल्या. मुंबईत कुणालाही विचारा, त्याच्याकडे 26 जुलैची गोष्ट असते: कोण कमरेभर पाण्यातून सायनहून चालत आला, कोण बसच्या टपावर झोपलं. काका स्वतः घाटकोपरला एका अनोळखी कुटुंबात रात्रभर राहिले, त्यांनी त्यांना पिठलं-भात वाढला. माझ्याकडे काही नाही. मी इथे पहाटेपर्यंत फोन लावत होते आणि लागत नव्हता. ही गोष्ट सांगायला लागले की लोक ऐकून घेतात आणि मग आपली सांगतात.

बाबा गेल्यापासून घर बंद आहे. मेंटेनन्स भरते, सिंकिंग फंड भरते. 2025 मध्ये महापालिकेने कचऱ्याच्या उपविधींचा, म्हणजे स्थानिक नियमांचा, मसुदा आणला, त्यात छोट्या घराला महिना शंभर रुपये कचरा शुल्क होतं. ग्रुपवर आरडाओरडा झाला आणि मीही हिरिरीने लिहिलं. मग सेक्रेटरींनी सहज विचारलं, 'ताई, बंद घराचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, तुमच्याकडून तर कचरा निघतच नाही.' त्यांना टोमणा मारायचा नव्हता. पण खरंच, चार मजल्यांच्या त्या इमारतीत सगळ्यात कमी कचरा आमचा. दारात डबा नाही, पिशवी नाही, साधी केळ्याची साल नाही.

फेब्रुवारीत घर आवरायला गेले तेव्हा बाबांच्या कपाटात दिवाळीच्या मिठाईचा एक पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर पट्ट्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या. सगळ्या रिकाम्या, वर्षांच्या क्रमाने रबरबँड लावून. नाव विसरायला नको म्हणून मेडिकलमध्ये दाखवायला एक ठेवायची पद्धत असते, बाबांनी सगळ्याच ठेवल्या. मागच्या पत्र्यावर बॉलपेनने दाबून लिहिलेलं: सकाळ. जेवणानंतर. झोपताना. काहींवर पत्रा फाटून 'जेवणा' एवढंच उरलेलं.

खाली मेडिकलवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सुक्यात टाका. म्हणजे कांजूर. मी टाकल्या नाहीत. डबा बॅगेत घातला आणि हाउन्स्लोला आणला, इथल्या एका केमिस्टकडे पट्ट्यांचा डबा होता म्हणून. गेले तर त्यावर कागद चिकटवलेला, ही सोय सध्या बंद आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जनरल वेस्टमध्ये टाका.

मिठाईचा डबा बॉयलरच्या कपाटात आहे. काल तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने मला वेगळा मेसेज केला. मेडिकलवाला तयार झालाय, डबा ठेवतो म्हणतो, पण भरल्यावर पुढे पाठवायचं कुठे ते सांगा. 'ताई, तुमच्याकडे पट्ट्या नक्की कुठे जातात हो?'

दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तिला अजून वाटतंय मी टाइप करतेय.