टीएसएच वाढलाय? बेंबीला आयोडीन चोळा म्हणे!

बहिणीच्या बाळाच्या टाचेतून थायरॉइडच्या तपासणीसाठी रक्त घेतलं आणि लगेच घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. त्यातले दावे तीन. ही तपासणी बाळासाठी नसतेच, लोकांमध्ये आयोडीन किती कमी आहे ते मोजायला असते. आयोडीनयुक्त मीठ खात असाल तर ती टाळा. आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडली की ते वाढतं) ५ च्या वर निघाला तर थायरॉइडची गोळी देऊ नका, बेंबीभोवती आयोडीन चोळा.

शेवटचा दावा आधी घेते, कारण उद्या कुणीतरी खरंच चोळेल. नवजात बाळाच्या त्वचेतून आयोडीन सहज रक्तात उतरतं. आणि आयोडीन फार झालं की थायरॉइड जोमाने कामाला लागत नाही, उलट हार्मोन बनवणं थांबवते. याला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात. मोठ्या माणसाची ग्रंथी काही दिवसांत यातून सावरते. नवजाताची, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळाची, तितक्या सहज सावरत नाही. प्रसूतीच्या वेळी आईला लावलेल्या पोव्हिडोन-आयोडीन या जंतुनाशकानेसुद्धा बाळाचा टीएसएच वाढू शकतो. म्हणजे हा टीएसएच वाढवायचाच उपाय झाला! शिवाय ज्या बाळाला ग्रंथीच नाही, किंवा ती जिभेच्या मुळाशीच राहून गेली आहे, ते या आयोडीनचं करणार काय? जिथे आयोडीन पुरेसं मिळतं तिथे जन्मजात हायपोथायरॉइडिझमची (म्हणजे जन्मतःच थायरॉइड कमी पडणारी) बहुतेक बाळं अशीच असतात. मिठाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. या बाळांना लेव्होथायरॉक्सिनच, म्हणजे गोळीतून दिलेलं थायरॉइडचं हार्मोनच लागतं, तेही पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं. फार उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही.

आता तो ५ चा आकडा. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि आयसीसीआयडीडी (आयोडीनच्या कमतरतेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांची २००७ची मार्गदर्शिका सांगते की जन्मानंतर ३-४ दिवसांनी घेतलेल्या नमुन्यांपैकी ३ टक्क्यांहून कमी नमुन्यांत टीएसएच ५च्या वर असेल, तर त्या लोकसंख्येला आयोडीन पुरेसं मिळतंय. लोकसंख्येला! एका बाळाचा निकाल त्यावर लागत नाही. बाळाला परत बोलावण्याची पातळी प्रयोगशाळा वेगळी ठरवते आणि ती सहसा बरीच वर असते. जन्मल्याबरोबर टीएसएच उसळतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतो, त्यामुळे नमुना घाईने घेतला तर धडधाकट बाळही ५ ओलांडतं.

बरं, पहिल्या दाव्यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकते. हे आकडे आयोडीनचा माग काढायला वापरतात. पण तो जोडधंदा. १९७०च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाँ द्युसो या डॉक्टरांनी गाळणकागदावरच्या रक्ताच्या थेंबांतून ही तपासणी उभी केली ती आजारी बाळं वेळेत सापडावीत म्हणून. आणि माग काढायलाही हे साधन जरा लहरीच. नमुना कधी घेतला, जंतुनाशक कोणतं लावलं, यावर आकडा हलतो. म्हणूनच आजही मुख्य भिस्त शाळकरी मुलांच्या लघवीतल्या आयोडीनवर असते.

बहिणीला एवढंच सांगितलंय: रिपोर्ट वाढीव आला तर नमुना जन्मानंतर किती तासांनी घेतला ते विचार, आयोडीनचं जंतुनाशक लावलं होतं का ते डॉक्टरांना सांग, आणि शिरेतल्या रक्ताची खात्रीची तपासणी लगेच करून घे.