नवमीचा चंद्र आणि मावशींची रांग

शुक्ल नवमीला चंद्रावरचा प्लेटो दाखवतो, असे वाड्यावर कुणाला बोलू नये. बोललात की अंगणात खुर्च्या येतात, आणि खुर्च्यांच्या मागोमाग दंव.

प्लेटो म्हणजे तटबंदीचे मैदान, चंद्रावरचे एक भलेमोठे विवर. व्यास 101 किलोमीटर, कडा सुमारे दोन किलोमीटर उंच, आत लाव्हा भरून तळ सारवल्यासारखा सपाट. खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसने 17व्या शतकात त्याला थोरले काळे तळेच ठरवले होते. आपला गोवा उत्तर-दक्षिण 105 किलोमीटर. उत्तरेच्या पेडण्याकडून आत सरकवत गेलात तर दक्षिण टोकाचा पोळेचा नाका तेवढा तटाबाहेर राहील.

नवमीच का? अष्टमीला तिथे बहुधा रात्र असते, पौर्णिमेला सावल्याच नसतात. नवमीला सूर्य नुकता वर येतो, पूर्व कड्यावरच्या शिखरांच्या सुळक्यांसारख्या सावल्या तळावर पसरतात आणि दहा-पंधरा मिनिटांत आखडलेल्या कळतात. दशमीची वाट पाहायचा आळस मात्र करू नये.

आता दुर्बीण. आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने आडवी-उभी फिरवायची आरशाची दुर्बीण; 1200 मिलिमीटर नाभ्यंतर, 6 मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचे भिंग): 200 पट. ती तासभर आधी बाहेर काढावी, तीही एसीच्या खोलीतून मुळीच नाही. गार आरशावर आपली दमट हवा अशी बसते की चंद्राची पेज होते. स्लॅबवर ठेवू नये. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री वाफारे सोडतो आणि प्लेटो कढईतल्या भज्यासारखा तळला जातो. मातीचे अंगण बरे. दंव आलेच तर हेअर ड्रायर, मंद आचेवर. आरशाला लुंगीचे टोक लावणाऱ्याला पुढच्या नवमीला बोलावू नये.

माघात तर दिवेलागणीला हा चंद्र थेट डोक्यावर. तिथे नळी सरळ उभी, त्यामुळे डॉबसोनियन आडवी फिरवायला हातात काही पकडच मिळत नाही. आपणच तिच्याभोवती प्रदक्षिणा घालायची.

खरी कसोटी तळावरच्या चिमुकल्या विवरांची. रुंदी दोन-अडीच किलोमीटर; चार किलोमीटरवरून रुपयाचे नाणे दिसावे तेवढी. मी श्वास रोखून मधले विवर पकडतो, बाजूला होतो. मावशी डोळा लावतात, नळीला धक्का.

"म्हाका कितेंच दिसना."

बरोबरच आहे. आयपीसमध्ये आता नारळीचा झाप आहे, 200 पट.