कॉन्फिडन्स नको, मसुदा शिकवा

गेल्या महिन्यात वाटाघाटींच्या एका ट्रेनिंगला गेले होते, खास बायकांसाठी होतं, पोलिसातल्या, प्रशासनातल्या, आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या मुली अशा सगळ्या होत्या. पहिला अख्खा तास कसं बसायचं, आवाज कसा ठेवायचा, कॉन्फिडन्स कसा दाखवायचा यातच गेला. माझ्या शेजारी एक इन्स्पेक्टर ताई, वीस वर्षं सर्व्हिस, चिडलेल्या जमावासमोर उभं राहून लोकांना समजावून घरी पाठवलेली बाई. तिला कॉन्फिडन्स कशाला शिकवायचा? मला खरंच राग आला.

दुपारी मात्र खरं काम सुरू झालं. दोन गावं, एक धरण, पाणी कोणाला किती, अशी प्रॅक्टिस. आमच्या टीमला हवं ते सगळं कबूल झालं म्हणून आम्ही खुश, आणि ताईंनी कागद परत वाचायला घेतला. बोलताना ठरलं होतं 'पाणी सोडण्यात येईल', समोरच्यांनी लिहिताना केलं 'सोडण्याचा प्रयत्न करण्यात येईल'. तासाभराची मेहनत त्या एका शब्दात पाण्यात. ताई म्हणाल्या, "जबाब नोंदवताना हेच तर बघत असतो आम्ही."

मला म्हणायचंय ते एवढंच, बोलणं बायकांना येतं, शिकवायचा तो मसुदा. हंसा मेहता आठवा, आपल्या मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या त्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' असं लिहिलं जात होतं, त्या अडून बसल्या आणि 1948 च्या मंजूर मजकुरात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. एका शब्दासाठी भांडल्या, पण तो शब्द आज जगभर आहे.

आणि उत्तर आयर्लंड, जिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट गटांत कित्येक वर्षं हिंसाचार चालला होता. 1996 मध्ये तिथल्या बायकांनी शांतता चर्चेला कोण बसणार हे ठरवणाऱ्या निवडणुकीच्या तोंडावर, काही आठवड्यांत विमेन्स कोअलिशन नावाचा पक्ष उभा केला, मतं मिळाली जेमतेम एक टक्का, पण चर्चेत शिरायला तेवढी पुरली. चर्चेला बसल्या मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर, एक कॅथलिक एक प्रोटेस्टंट. समोरचे पुरुष भर सभागृहात गाईसारखे हंबरायचे त्यांच्यावर! त्या उठून गेल्या नाहीत. 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारात हिंसाचाराचे बळी, मुलांचं एकत्र शिक्षण, राजकारणात बायकांचा समान सहभाग हे मुद्दे आले ते त्यांनी लावून धरले म्हणून.

मग ट्रेनिंग पुरे का? नाही ना. शांतता चर्चेत बायकांना सहभाग द्या असं सांगणारा सुरक्षा परिषदेचा 1325 नंबरचा ठराव 2000 सालचा, तरी 1992 ते 2019 मधल्या मोठ्या शांतता चर्चांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत बायका सरासरी 13 टक्के, सह्या करणाऱ्यांत 6 टक्के. फिलिपीन्सच्या मिरियम कोरोनेल-फेरर यांनी सरकारच्या मुख्य वाटाघाटीकार म्हणून तिथल्या मुस्लिम बंडखोरांशी झालेल्या बांगसामोरो करारावर सही केली ती 2014 मध्ये, एवढ्या मोठ्या शांतता करारावर अशी सही करणारी ती जगातली पहिली बाई. आपल्याकडे तर परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या बाई सी. बी. मुथम्मा, त्यांना सेवेत येताना लग्न केलं तर राजीनामा देईन असं लिहून द्यावं लागलं होतं आणि पुढे बढतीत डावललं म्हणून 1979 मध्ये सुप्रीम कोर्टात उभं राहावं लागलं. खुर्चीच नसेल तर शिकलेलं वापरायचं कुठे?

त्या दिवशी ड्राफ्टिंगला जेमतेम पाऊण तास मिळाला. फीडबॅक फॉर्मवर ताईंनी आणि मी एकच मागणी लिहिली, पुढच्या वेळी दोन पूर्ण दिवस मसुद्याला द्या, खऱ्या करारांचे कागद आणा, आणि समोरच्या बाजूला पुरुष अधिकारी बसवा, कारण ताईंना ठाण्यात आणि या मुलींना उद्या परराष्ट्र खात्यात त्यांच्याशीच बोलायचंय.