‘ऑरगॅनिक चहा म्हणजे शुद्ध चुना’ : त्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, फवारणीशिवाय चहा पिकूच शकत नाही, कीड अख्खा मळा खाते. औषध राहिलंच तर उकळताना उडून जातं. आणि सर्टिफिकेट काय, पैसे टाकले की मिळतं. थोडक्यात, ऑरगॅनिक चहा म्हणजे शहरी लोकांना लावलेला चुना.

‘पिकूच शकत नाही.’ दार्जिलिंगच्या मकाईबारी मळ्याला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं 1988 साली. सिक्कीम सरकारचा टेमी मळा 2008 पासून प्रमाणित आहे. दोन्हीकडे आजही खुडणी चालू आहे.

‘कीड मळा खाते.’ त्रास होतो, खोटं कशाला बोला. चहावरचा ढेकण्या कोवळी फूट शोषून काळी पाडतो आणि पावसाळ्यात पानांवर फोड आणणारी बुरशी येते. पण तुडतुड्यांची, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक उड्या मारणाऱ्या किड्यांची, गंमत वेगळी आहे. विदर्भातल्या कापूसवाल्याला हे नाव काढलं तरी घाम फुटेल. दार्जिलिंगात मात्र मे-जूनच्या खुड्यात तुडतुड्याने डंख मारलेली पत्ती आखडते, पिवळसर पडते आणि झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं. द्राक्षासारख्या वासाच्या ज्या ‘मस्कटेल’ चहासाठी लोक वाट्टेल तो भाव मोजतात, त्या वासात या डंखाचा मोठा वाटा आहे. तैवानचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ तर सगळा याच डंखावर उभा आहे. तिथे शेतकरी तुडतुड्यांची वाट बघतो. फवारलं, की चहाच गेला!

‘उकळलं की उडतं.’ कारखान्यात पत्ती धुतच नाहीत. कोमेजवायची, चिरडायची, आंबवायची, सुकवायची आणि पुडीत भरायची. पुढचं औषधावर अवलंबून असतं. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते बरंचसं चोथ्यात राहतं. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक विरघळतं, म्हणून कपात उतरतं. आणि आपण तर पत्ती खळखळ उकळणारे! आता, अंश सापडला म्हणजे लगेच विषबाधा असंही नाही. प्रश्न मर्यादेचा असतो. पण ‘उडतं’ हे साफ चूक.

‘सर्टिफिकेट विकत मिळतं.’ लबाडी कुठल्या धंद्यात नाही? पण नियमाने चहासारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षांचा रूपांतर काळ (प्रमाणपत्राआधी सेंद्रिय पद्धतीने शेती करायचा काळ) काढावा लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात, तपासणी होते. कडुनिंबाचा अर्क किंवा बुरशीवर मर्यादित तांबं फवारलेलं चालतं. म्हणजे ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘अजिबात फवारणी नाही’ असंही नव्हे. हे त्या महागड्या पुडीवरही कुणी ठळक लिहीत नाही.

खरी अडचण मेसेजमध्ये आलीच नाही. ती आहे नत्राची, म्हणजे नायट्रोजनची. चहात आपण पानच तोडून नेतो, तेही हंगामात दर आठ-दहा दिवसांनी. हजार किलो तयार चहाबरोबर साधारण 40 किलो नत्र मळ्याबाहेर जातं. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरलं, तर तेवढी भरपाई करायला आठ टन खत लागेल, आणि ते डोंगरउतारावर चढवायचं. एकरी दहा किलो शेण घालून आंबवलेल्या जीवामृत या द्रवखतावर हा हिशेब बसत नाही, हे आपल्याकडच्या नैसर्गिक शेतीच्या भक्तांनीही ऐकावं. छाटणीचा पाला मळ्यातच कुजवणं, सावलीला जमिनीत नत्र धरणारा शिरीष लावणं, गवताचं आच्छादन यांनी बरंच भागतं, तरी उत्पादन घटतंच. वर रूपांतराची ती तीन वर्षं घटलेलं पीक साध्या चहाच्याच भावाने विकायचं. मेसेजवाल्याला खोड काढायचीच होती, तर इथे काढायची.