नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या की ओ

आज परत हात हलवत आलो. खानापूरच्या आत आमचं खेडं, आप्पांच्या जमिनीच्या अर्जासाठी सकाळी सातची बस धरून त्यांना घेऊन बेळगावला गेले, साडेदहापासून कचेरीत बाकावर बसलो आणि दोन वाजता काय तर साहेब मीटिंगला गेलेत, "नाळी बर्री", म्हणजे उद्या या. कितवी नाळी ओ ही? आप्पा पंच्याहत्तरीचे आहेत, डिसेंबर १९७१ ला जमालपूरच्या लढाईत मराठा पलटणीत होते, गुडघ्यात छर्रा अजून तसाच आहे, थंडी पडली की रात्रभर पाय चोळत बसतात, आणि त्यांना तुम्ही दोन जिने चढायला लावताय, वर गेलं की म्हणताय खालच्या सेक्शनला जावा.

मागतोय काय आम्ही, भीक? कर्नाटकाच्या १९६९ च्या जमीन मंजुरीच्या नियमातच जवान आणि माजी सैनिकांना दहा टक्के राखीव आहे. जमीन मिळणार म्हणून तेव्हाच्या साहेबांनीच आप्पांकडनं अर्ज भरून घेतला. मग डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स नाही म्हणाले, दिली, मग उत्पन्नाचा दाखला जुना झाला, नवा काढला, मग फाईलच सापडेना. आता म्हणे सरकारी जमीनच शिल्लक नाही, अन् गावाबाहेर गायरानात दगड रोवून प्लॉट पाडलेले आम्ही येता-जाता बघतोय! त्यात सगळे कागद कन्नडमधनं, आप्पांना वाचता येतं फक्त मराठी नि हिंदी, नोटीस आली की शेजारच्या पोराला हुडकत फिरायचं.

आणि दिवस कसले आहेत बघा. पेन्शन गोळ्या आणि गॅसमध्ये संपते, भाऊ पुण्यातलं काम सुटून घरी बसलाय, जानेवारी २०२५ ला बसभाडं पंधरा टक्क्यांनी वाढलं. मी बाई म्हणून माझं तिकीट फ्री, लढाई केलेल्या आप्पांनी मात्र प्रत्येक हेलपाट्याला खिशातनं पैसे मोजायचे.

१६ डिसेंबरचा विजय दिवस आला की बरोबर आठवण होते यांना. शाल, नारळ, फोटो. ट्रंकेत शालींचा ढीग झालाय, काय करायच्या त्या, शेतात पेरायच्या?

नाही देणार तर नाही म्हणून लिहून द्या, सही-शिक्क्यासकट, म्हणजे पुढं कुठं जायचं ते आम्ही बघतो. पण ते नाही देत, कारण म्हातारा गेला की फाईल आपोआप बंद होते. सोमवारी मी एकटी जाणार आहे, आप्पांना नेणार नाही, आणि पोच हातात पडल्याशिवाय त्या टेबलासमोरनं हलणार नाही.