रिक्वायरमेंट फ्रीझ केली की प्रोजेक्ट वाचतो? नाही वाचत

आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय, "प्रोजेक्ट फेल होतात कारण बिझनेसवाले सारखे बदल सांगतात. रिक्वायरमेंट फ्रीझ करा, सही घ्या, वेळेत आणि बजेटमध्ये द्या, झालं." रिक्वायरमेंट म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं त्याची यादी, आणि फ्रीझ म्हणजे ती एकदा ठरली की बदलायची नाही. ईआरपीत, म्हणजे कंपनीची खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पंधरा वर्षं काढली मी, आणि नवीन पोरं हे खरं मानून कामाला लागतात याची खरंच काळजी वाटते.

म्हणे बदलांमुळे फेल होतात. मग लिडलचं काय झालं? जर्मनीची ही सुपरमार्केटवाली कंपनी २०११ ला सॅप या तयार ईआरपी सॉफ्टवेअरवर जायला निघाली, त्यांची एक अट मात्र शेवटपर्यंत हलली नाही, की स्टॉकची किंमत खरेदीच्या भावानेच धरायची. सॅपचं तयार रिटेल पॅकेज विक्रीच्या भावाने धरतं. मग काय, आपली पद्धत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत बसले आणि २०१८ ला सगळं गुंडाळलं, बातम्यांत आकडा आला साधारण ५० कोटी युरोचा.

सहीचं म्हणाल तर एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेने केसच्या फायली कॉम्प्युटरवर आणायला व्हर्च्युअल केस फाइल नावाचं सॉफ्टवेअर काढलं, त्याचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट ८०० पानांच्या वर होतं. तरी बदल शेकड्यांनी आलेच, कारण नक्की काय हवंय ते एजंट लोकांना स्क्रीन समोर आल्यावर कळत होतं. कागदावर कोणालाच कळत नाही हो ते! १७ कोटी डॉलर घालवून २००५ ला बंद केलं. त्याच कामासाठी त्यानंतर काढलेलं सेंटिनेल हे सॉफ्टवेअरही रखडलंच होतं, २०१० मध्ये एफबीआयने ते स्वतःच्या हातात घेतलं, कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करून दाखवत गेले, आणि जुलै २०१२ ला सगळीकडे चालू झालं.

आता "वेळेत, बजेटमध्ये". चाकणच्या एका कारखान्यात आम्ही स्टोअर मॉड्यूल, म्हणजे ईआरपीचा मालाच्या नोंदींचा भाग, अगदी तारखेला लाइव्ह केलं, सही झाली, पेमेंट पण आलं. तीन महिन्यांनी गेलो तर स्टोअरवाले काका रजिस्टरमध्येच लिहीत होते, का तर पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा नंबर टाकल्याशिवाय जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, होत नव्हता आणि तिथे अर्जंट माल आधी गेटवर येतो, पीओ दुपारनंतर बनतो. ट्रक काय उभा ठेवणार का ते? संध्याकाळी एक मुलगा रजिस्टर बघून एंट्र्या मारायचा, म्हणजे स्टॉकचा आकडा कायम एक दिवस शिळा, आणि त्याच आकड्यासाठी मालकाने पैसे मोजले होते. काकांना आधी कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मग दोन दिवस त्यांच्या शेजारी बसलो, पीओशिवाय तात्पुरती एंट्री घेता येईल असं करून दिलं, पुढच्या महिन्यात रजिस्टर बंद झालं.